दोन कोअर स्विच, एक गेटवे : कारखान्यातल्या फेलओव्हरच्या नोंदी

फेलओव्हर म्हणजे एक स्विच किंवा लाइन बंद पडली की दुसऱ्यानं आपोआप काम उचलणं. आधी सेटअप सांगतो. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉप, आयटीला मी आणि एक असिस्टंट पोरगा. ११ ॲक्सेस स्विच (कॉम्प्युटर, मशीन ज्यांना लागतात ते), मधे एकच लेयर थ्री कोअर स्विच (बाकीचे सगळे ह्याला लागतात आणि एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारा ट्रॅफिक हाच फिरवतो), पाच व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरिंगवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं (१० ऑफिस, २० मशीन शॉप, ३० सर्व्हर, ४० वायफाय, ३१० कॅमेरे) आणि इंटरनेटच्या दोन लाइन. मे महिन्यात वळीव आला, वीज कडाडली आणि कोअरचा पॉवर सप्लाय गेला. ९ तास सगळं ठप्प. ई-वे बिल निघेना म्हणून गेटवर भरलेल्या ७ गाड्या उभ्या, ड्रायव्हर लोक टपरीवर, आणि मालक स्वतः सर्व्हर रूममध्ये खुर्ची टाकून बसलेले. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसरा कोअर घ्या म्हणून मी दोन वर्षं मागं लागलो होतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंजूर झाला. असलं काम अजून कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून जे घडलं ते तसंच लिहून ठेवतोय. कमांड देत नाही, कारण माझे दोन्ही स्विच वेगवेगळ्या कंपनीचे आणि दोघांच्या कमांड वेगळ्या, तुमच्या तिसऱ्याच असणार.

९ जून २०२५, सोमवार

माल आला. नवा स्विच जीएसटी धरून १ लाख ४६ हजार. जुन्याचा पॉवर सप्लाय बदलून ११ हजार. दोन कोअर एकमेकांना जोडायला १० जीच्या (सेकंदाला १० गिगाबिट) दोन डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्युल बसवलेल्या तांब्याच्या केबल), ५ हजार. लांबच्या चार शेडना दुसरी फायबर लिंक द्यायला ८ एसएफपी मॉड्युल (स्विचला फायबर लावायला), साधारण १० हजार. फायबर नवीन ओढावी लागली नाही, आधीच्या ६ कोअर केबलमधल्या दोन कोअर (इथं कोअर म्हणजे फायबरचा तंतू) रिकाम्या होत्या. म्हणजे दोन्ही लिंक एकाच केबलमधून जातात हे मला माहितीये, पण नवीन चर खणायचा खर्च ऐकून मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

नवा स्विच ए, जुना दुरुस्त केलेला बी. सुट्टी आमची सोमवारी असते, म्हणून मोठी कामं सगळी सोमवारी.

११ जून

हे टेबलावर केलं, लाइव्हवर नाही, आणि तेवढं एक शहाणपण केलं म्हणून वाचलो. दोन्ही स्विच, एक साधा ८ पोर्टचा स्विच, दोन लॅपटॉप.

दोन स्विचनी मिळून एकच गेटवे (आपल्या व्हीलॅनबाहेर जायचा पत्ता) चालवायचा, मास्टर काम करतो, तो गेला की बॅकअप उठतो, त्यासाठी एचएसआरपी किंवा व्हीआरआरपी लागतं. एचएसआरपी करायचा प्रश्नच नव्हता, ते सिस्कोचं स्वतःचं, आणि आमची जोडी दोन कंपन्यांची. मग व्हीआरआरपी. दोन्हीवर कॉन्फिगरेशन टाकलं, स्टेटस बघितला तर ए पण मास्टर आणि बी पण मास्टर. लॅपटॉपवरचा पिंग (समोरचा उत्तर देतो का बघायची हाक) चालतोय, मधेच बंद, परत चालतोय. मधल्या स्विचवर मॅक टेबल (कुठला मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, कुठल्या पोर्टवर आहे त्याची यादी) बघितलं तर एकच मॅक कधी पोर्ट १ वर तर कधी पोर्ट २ वर उड्या मारतोय.

दोन तास केबल बदलल्या, ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक) तपासली, एसीएल (ट्रॅफिक अडवायचे नियम) काढून टाकले. शेवटी लॅपटॉपवर पॅकेट पकडले तेव्हा दिसलं की दोघंही २२४.०.०.१८ ला दर सेकंदाला ओरडतायत, फक्त एकजण व्हर्जन २ मध्ये आणि दुसरा ३ मध्ये. नव्या स्विचचा डिफॉल्ट ३ (इंटरनेटच्या मानकांचा कागद आरएफसी ५७९८, २०१० सालचं), जुन्याला २ च्या पुढं काही येतच नाही (आरएफसी ३७६८, २००४). दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, त्यामुळं दोघांनाही वाटतं आपण एकटेच आहोत आणि दोघंही मालक. नव्याला व्हर्जन २ वर आणलं, मिनिटात बी गप बॅकअप होऊन बसला.

अजून एक. व्हीआरआरपीचा ग्रुप नंबर व्हीलॅनचाच द्यायचा ही माझी आयडिया चांगली होती, पण ग्रुप नंबर २५५ च्या पुढं जात नाही, म्हणून ३१० व्हीलॅनला ३१ दिला. आणि व्हर्च्युअल मॅकचा (दोघांचा सामाईक, मास्टर असेल तो वापरतो) शेवटचा भाग म्हणजे हाच ग्रुप नंबर, पण हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत). ग्रुप १० चा मॅक शोधताना मी शेवटी १० बघत होतो, तो शून्य-ए असतो. त्यात पाऊण तास गेला, असिस्टंटला सांगितलेलं नाही.

१६ जून, सोमवार

कटओव्हर, म्हणजे जुन्या मांडणीवरून नव्यावर जायचा दिवस. इथं एक निर्णय आधीच घेतला होता आणि तो बरोबर ठरला: गेटवे बदलायचा नाही. प्रत्येक व्हीलॅनचा गेटवे आधीपासून शेवटी .१ आहे, आणि सीएनसी मशीन, बायोमेट्रिक, प्रिंटर, वजनकाटा ह्या सगळ्यांत तो हातानं टाकलेला. तो बदलायचा म्हणजे शंभरेक डिव्हाइसपाशी जाऊन उभं राहायचं. म्हणून .१ हाच व्हर्च्युअल केला, ए ला .२ आणि बी ला .३.

आता गाढवपणा. मी आपल्या टेबलावर बसून, एसएसएच (नेटवर्कवरूनच स्विचमध्ये शिरणं) करून, १९२.१६८.१०.१ ला लॉगिन होतो, आणि त्याच सेशनमधून .१ काढून दुसरा पत्ता दिला. बसलो ज्या फांदीवर तीच तोडली. सेशन गेलं, व्हर्च्युअल आयपी अजून टाकलेला नाही, म्हणजे अख्ख्या ऑफिसला गेटवेच नाही. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला लावायची) घेऊन पळालो तर लॅपटॉपला यूएसबी-सिरियलचा ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट नाही, इंटरनेट नाही कारण गेटवे नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ड्रायव्हर घेतला. ४० मिनिटं. सुट्टी होती म्हणून निभावलं. कन्सोल केबल लावून, ती चालते का बघून, मग कामाला हात लावा.

संध्याकाळी सगळं सुरू, फक्त वजनकाट्याचं वजन ऑफिसात दिसेना. काट्याच्या इंडिकेटरला सिरियलचं इथरनेट करणारी एक जुनी डबी आहे, तिच्या डोक्यात .१ चा जुना मॅक घट्ट बसलेला. स्विच मास्टर झाला की स्वतःहून एआरपीची (कुठल्या आयपीचा मॅक कोणता त्याची) दवंडी पिटतो, बाकीच्यांनी ती ऐकली, ह्या डबीनं नाही. पॉवर काढून घातली, चालू झाली. पुढच्या फेलओव्हरला हा त्रास येत नाही, कारण तेव्हा व्हर्च्युअल मॅक तोच राहतो, फक्त धनी बदलतो. एकदाच, पहिल्या दिवशी, असल्या जुन्या वस्तू बंद-चालू कराव्या लागतात.

१७ जून

सकाळी असिस्टंट म्हणाला, "सर, ते दहा जीचं पोर्ट मेल्यासारखं दिसतंय, आणि डिस्पॅचचा स्विच बघा, दिवे पिसाळल्यात." मी म्हटलं लिंक अप आहे, काय नाही झालेलं. परत म्हणाला बघा तर खरं.

बघितलं. दोन कोअरमधली २० जीची लिंक स्पॅनिंग ट्रीनं (लूप होऊ नये म्हणून जादा वाटा बंद ठेवणारी व्यवस्था) ब्लॉक केलेली, आणि ए-बी मधला सगळा ट्रॅफिक डिस्पॅच शेडमधल्या १ जीच्या २४ पोर्टी स्विचवरून फिरून येतोय, जो स्विच भिंतीवर भुसा-धूळ खात लटकलेला आहे. कारण सोपं: कुठल्याच स्विचवर मी कधी प्रायॉरिटी टाकली नव्हती, सगळे ३२७६८ वर. बरोबरी झाली की ज्याचा मॅक सगळ्यात लहान तो रूट (ज्याच्यापासून बाकीच्यांच्या वाटा मोजल्या जातात तो स्विच) होतो, आणि लहान मॅक सहसा सगळ्यात जुन्या स्विचचा. म्हणजे कारखान्यातला सगळ्यात म्हातारा स्विच अख्ख्या नेटवर्कचा रूट होऊन बसला होता. आत्तापर्यंत प्रत्येक स्विचला एकच वाट होती, लूपच नव्हता, म्हणून कधी कळलं नाही. दुसरी वाट दिली आणि म्हातारबुवा जागे झाले.

ए ला ४०९६, बी ला ८१९२. व्हीआरआरपीचा मास्टर आणि स्पॅनिंग ट्रीचा रूट एकाच स्विचवर ठेवायचे, नाहीतर प्रत्येक पॅकेट उगाच मधली लिंक ओलांडून जातं. जेवणाच्या सुट्टीत केलं, ५-६ सेकंद सगळं अडकलं, मग सुरळीत. असिस्टंटला मिसळ.

१९ जून

सहज स्टेटस बघत होतो. चार व्हीलॅनमध्ये ए मास्टर, बी बॅकअप. ३१० मध्ये दोघंही मास्टर. म्हटलं आता हे काय, व्हर्जन तर सारखं केलंय.

मजा म्हणजे कुणाची तक्रार नाही, कॅमेरे सगळे दिसतायत. बी वरून एका कॅमेऱ्याला पिंग केला, तो मात्र जाईना. दोन कोअरमधल्या ट्रंकवर कुठले व्हीलॅन जाऊ द्यायचे त्या यादीत मी १०, २०, ३०, ४० लिहिलं होतं, ३१० राहिलाच. ॲक्सेस स्विचकडून बी ला जाणाऱ्या लिंक स्पॅनिंग ट्रीनं ब्लॉक केलेल्या, मधल्या ट्रंकवर ३१० नाही, म्हणजे बी त्या व्हीलॅनमध्ये बंद खोलीत एकटाच राजा. बाहेर त्याचं कुणी ऐकत नाही म्हणून त्रास नाही. यादीत ३१० टाकला, ३ सेकंदांत बॅकअप झाला.

तक्रार नाही म्हणजे बरोबर चाललंय असं नाही हे मला इथं पटलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर दोन्हीकडचा स्टेटस बघतो.

२३ जून, सोमवार

वायर उपटायचा दिवस. तीन लॅपटॉपवर पिंग लावून ठेवले आणि ए चा पॉवर काढला. ४ पिंग गेले, मग सुरू. हिशेबानं बसतं: दर सेकंदाला एक हाक, तीन हाका चुकल्या की बी उठतो, आणि प्रायॉरिटी १०० असली की वर ०.६ सेकंद. ३.६. मी असिस्टंटला टाळी दिली.

तेवढ्यात आमचे इलेक्ट्रिशियन मामा दारात उभे होते, ते म्हणाले, "साहेब, पिना दोन काढल्या-घातल्या ते ठीक हाय, पण यूपीएस एकच हाय की दोघांस्नी." खरंच. दीड लाखाचा दुसरा स्विच आणून मी तो त्याच यूपीएसच्या त्याच पट्टीत खोचला होता. दुसरा यूपीएस २६ हजार, मामांनी वेगळ्या डीबीवरून (वीज वाटायच्या बोर्डावरून) वेगळ्या फेजची लाइन ओढली, त्याचे साडेतीन हजार. मालकांकडं परत जावं लागलं आणि ते एकच वाक्य बोलले: "हे आधी नाही का सुचलं?"

ए बंदच ठेवला होता. तासाभरानं सिक्युरिटीवाल्याचा मोबाइल वायफायला लागेना. बाकीच्यांचे चालू, नवीन कुणाला आयपी मिळेना. डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) मी सर्व्हरवर हलवलं होतं, पण सर्व्हर ३० मध्ये आणि मोबाइल ४० मध्ये, मधे रिले (आयपीची मागणी पलीकडं पोचवणारा) लागतो, आणि तो बी वर ४० साठी टाकायचा राहिला. नुसतं पिंग बघून खूश झालो असतो तर हे पुढच्या वळवात कळलं असतं. स्विच बंद केला की निदान दोन तास बंद ठेवा आणि लोकांना कामं करू द्या, असल्या गोष्टी तेव्हाच बाहेर येतात.

३० जून, सोमवार

इंटरनेट. पहिली लाइन ए वर, दुसरी बी वर. विचार असा की पहिली लाइन गेली की ए नं स्वतःची प्रायॉरिटी कमी करायची आणि बी नं मास्टर व्हायचं. ए ११०, बी १००, लाइनचं पोर्ट डाउन झालं की १० वजा.

केबल काढली, काही झालं नाही. ए चा आकडा ११० चा १०० झालेला दिसतोय, पण मास्टर तोच. १०० आणि १००, बरोबरी. बॅकअपला उठायचं तर त्याचा आकडा जास्त हवा, सारखा असून चालत नाही, तो समोरच्याची हाक ऐकून गप बसून राहतो. दहातून दहा गेले तर शून्य हे पोरगं पण सांगेल, पण रात्री कॉन्फिगरेशन लिहिताना मला सुचलं नाही. ए १२०, वजा ३०. आता ९० विरुद्ध १००, लगेच सरकला.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी, आज डब्यात कालचीच खिचडी. ३० तारखेची टेस्ट खोटी होती हे आज लक्षात आलं. लाइन जाते तेव्हा कुणी आमच्या रॅकमधली केबल काढत नाही, बाहेर कुठंतरी फायबर तुटते. म्हणून आज भिंतीवरच्या ओएनटीमधून (इंटरनेट कंपनीची फायबर जिथं येऊन लागते ती डबी) फायबरच काढली. ओएनटी आणि स्विच यांच्यातली लिंक हिरवीगार, स्विचला वाटतंय सगळं आबादीआबाद, आणि अख्ख्या कारखान्याला इंटरनेट नाही.

मग पोर्टऐवजी पिंगवर पाळत. ए नं दर ५ सेकंदांनी ८.८.८.८ ला (गूगलचा पत्ता) पिंग करायचा, उत्तर नाही आलं की लाइन मेली समजायचं, प्रायॉरिटी कमी, आणि पहिल्या लाइनचा डिफॉल्ट रूट (हा रूट म्हणजे बाहेर जायची वाट, स्पॅनिंग ट्रीचा रूट वेगळा) पण काढायचा. परत फायबर काढली. बी मास्टर झाला, वा! दहा सेकंदांनी ए परत मास्टर, मग बी, मग ए. फुगडी.

हे कागदावर मांडल्यावर कळलं. पहिली लाइन मेली, ए नं तिचा रूट काढला, मग राखीव रूट लागला जो बी कडून दुसऱ्या लाइननं जातो. आता ए चा पाळतीचा पिंग पण त्याच राखीव वाटेनं गेला, उत्तर आलं, ए म्हणाला लाइन जिवंत झाली, रूट परत घातला, पिंग मेला. उपाय: पाळतीच्या पत्त्यासाठी वेगळा स्टॅटिक रूट, कायम पहिल्या लाइननंच, काही झालं तरी हटवायचा नाही. फुगडी थांबली. ह्या एका ओळीसाठी सोमवारचे ५ तास गेले.

१२ जुलै

रात्रपाळीच्या सुपरवायझरचा दोनदा फोन. मशीन शॉपमधून उत्पादनाचे आकडे सर्व्हरला जातात तो प्रोग्रॅम तुटतोय. लॉगमध्ये रात्रीत १४ फेलओव्हर. एखादा पिंग हरवला की मी लगेच लाइन मेली समजत होतो, आणि पावसात आमची लाइन एखादा पिंग हरवतेच. सलग तीन चुकले तर मेली, आणि जिवंत झाली तरी ६० सेकंद सलग बरी राहिल्याशिवाय विश्वास नाही, असं केलं.

१४ जुलै, सोमवार

पुण्यात एका मोठ्या कंपनीत नेटवर्क बघणारा माझा जुना मित्र आहे, त्याला फोनवर ही सगळी कथा सांगितली. तो ऐकून म्हणाला, "इंटरनेट गेलं म्हणून तू वजनकाट्याचा गेटवे का हलवतोयस?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच की, ए जिवंत आहे, फक्त त्याची बाहेरची लाइन गेलीय, आणि बी कडं जायला २० जीचा रस्ता मोकळा आहे. गेटवे ए वरच राहू दे, ए नं बाहेरचा ट्रॅफिक बी कडं ढकलावा. त्यासाठी राखीव रूट होताच! व्हीआरआरपीची पाळत सगळी काढून टाकली, फक्त रूटची ठेवली. दोन सोमवार खपून बांधलेलं पाच मिनिटांत पुसलं. आता लाइन गेली तर १५-२० सेकंद इंटरनेट थांबतं, आतलं काहीच हलत नाही. बाहेरचा पब्लिक आयपी बदलतो त्यामुळं पोर्टलवर लॉगिन परत करावं लागतं, त्याला इलाज नाही.

२१ जुलै, सोमवार

बी नुसता बसून असतो हे बघवेना. निम्मे व्हीलॅन बी वर मास्टर केले: ३० आणि ४०. कागदावर छान दिसलं.

२४ जुलै

तीन दिवस अकाउंटच्या मॅडम म्हणत होत्या सर्व्हर हळू चालतोय, मी म्हणत होतो महिनाअखेर आहे. महिनाअखेर नव्हती, चोवीस तारीख आहे हे त्यांनीच दाखवून दिलं.

अकाउंटचा सर्व्हर जुना, नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएस, ए ला लागलेला. त्याचं पोर्ट १०० टक्के भरलेलं. पॅकेट पकडले तर त्यात कॅमेऱ्यांचं व्हिडिओ! अकाउंटच्या सर्व्हरला कॅमेऱ्याशी काय करायचंय?

हे समजायला दीड दिवस लागला, म्हणून सविस्तर लिहितो. कॅमेरे ३१० मध्ये, त्यांचा गेटवे ए. रेकॉर्डर ३० मध्ये, तो बी ला लागलेला आणि त्याचा गेटवे पण आता बी. कॅमेऱ्याचा व्हिडिओ ए कडं येतो, ए ला ३० व्हीलॅन स्वतःकडंच आहे, तो थेट रेकॉर्डरच्या मॅकला पाठवतो. रेकॉर्डर उत्तर देतो ते बी ला, ते बी मधेच राउट होतं, ए ला रेकॉर्डरचा मॅक कधी दिसतच नाही. मॅक टेबलमधली नोंद ५ मिनिटांत पुसली जाते, एआरपीची नोंद मात्र तासन्‌तास टिकते. म्हणजे ए ला रेकॉर्डरचा पत्ता माहिती आहे पण तो कुठल्या पोर्टवर आहे ते माहिती नाही, अशा वेळी स्विच काय करतो, त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर ओततो. ४६ कॅमेरे, प्रत्येकी साधारण ४ एमबीपीएस, म्हणजे १८४ एमबीपीएस, १०० च्या पोर्टात. मधेच रेकॉर्डर एखादा ब्रॉडकास्ट करायचा, ए ला मॅक कळायचा, ५ मिनिटं सगळं झकास, मग परत. म्हणून मी बघायला गेलो की बरं चाललेलं असायचं आणि मी त्यांना खोटं पाडतोय म्हणून मॅडम रागवायच्या.

एआरपीचा वेळ मॅकच्या ५ मिनिटांपेक्षा कमी केला की हे जातं: नोंद संपायच्या आत ए परत विचारतो, रेकॉर्डर उत्तर देतो, मॅक ताजा राहतो. मी दोन्ही केलं. एआरपी २४० सेकंद, आणि सगळे व्हीलॅन परत ए वर. बी बसून राहतो तर राहू दे, त्याला त्याचाच पगार आहे. आमच्या एवढ्या ट्रॅफिकला भार वाटून घ्यायची गरजच नव्हती, मला हौस होती. मॅडमची माफी मागितली, त्यांनी "बरं" म्हटलं.

२८ जुलै, सोमवार

ए चं फर्मवेअर (स्विचमधलं सॉफ्टवेअर) बदललं. रीस्टार्ट झाला तेव्हा ४ सेकंद गेले. परत आला तेव्हा ५० सेकंद गेले! जायला रिक्षा आणि यायला बैलगाडी. लॉग बघितला: स्विच बूट झाला, व्हीआरआरपी आधी जागं झालं, प्रायॉरिटी जास्त म्हणून लगेच गादीवर बसलं, आणि तेव्हा ॲक्सेस स्विचकडच्या लिंक नीट सुरू नव्हत्या, इंटरनेटच्या लाइनची पाळत अजून "मेली" सांगत होती. व्हीआरआरपीत जास्त आकडेवाल्यानं परत गादी घ्यायची हे डिफॉल्टनंच चालू असतं (एचएसआरपीत डिफॉल्टनं बंद असतं, तिकडून आलेले लोक इथं फसतात). गादी घ्यायला १८० सेकंदांचा उशीर टाकला. परत रीस्टार्ट केला: जाताना ४, येताना १ पिंग.

१३ ऑगस्ट

दुपारी अडीचला परीक्षा झाली, न सांगता. रस्त्याला गटारीचं काम चालू आहे, जेसीबीनं पहिली फायबर तोडली. १६ सेकंदांत ए नं रूट काढला आणि सगळं बी कडं ढकललं, अगदी जसं पाहिजे तसं. मी खुर्चीत मागं रेललो. इंटरनेट काही येईना. दुसरी लाइन पण मेलेली. कंपन्या दोन, बिलं दोन, पण आमच्या गेटपासून पुढं दोघांच्या केबल एकाच पाइपातून जातात आणि जेसीबीच्या एका बकेटनं दोन्ही उचलल्या. फेलओव्हर बरोबर झाला, मढ्यावर.

वर अजून एक बोनस. मधली १० जीची पोर्ट एकदम खवळली. मी बी वर पण राखीव रूट टाकून ठेवला होता, ए कडं जाणारा. आता दोन्ही लाइन मेल्या, ए म्हणतो बी कडं जा, बी म्हणतो ए कडं जा, प्रत्येक पॅकेट टीटीएल (पॅकेटनं किती उड्या मारायच्या त्याचा आकडा) संपेपर्यंत दोघांमध्ये टेबल टेनिस खेळतंय. बी चा राखीव रूट काढून टाकला. ए जिवंत असताना बी कुणाचा गेटवेच नसतो, त्याला ए कडं ढकलायची गरज नाही.

ई-वे बिलं माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढली, दोन गाड्या ४० मिनिटं थांबल्या. आतलं सगळं चालू होतं, मशीन, काटा, अकाउंट, कॅमेरे, काहीच थांबलं नाही. मालकांनी विचारलं, "दोन लाइन घेतल्यात ना आपण?" मी त्यांना गेटपाशी नेलं आणि खड्ड्यातला पाइप दाखवला.

२२ ऑगस्ट

आत्तापर्यंतचा खर्च साधारण २ लाख २ हजार, माझे ७ सोमवार धरले नाहीत. तिसरी लाइन हवेतून घ्यायचं ठरलंय, गच्चीवर रेडिओ लावून. समोर दिसायला अडथळा नको, आणि नेमकी शेजारच्या कारखान्याची पाण्याची टाकी मधे येते. तीन मीटर उंच पोल लागेल, फॅब्रिकेशन शॉपवाले म्हणतायत गणपती झाल्यावर बघू.